मुंब्र्याचा स्पायडरमॅन काढायचा, तर बदलायचं नेमकं काय?

प्रश्न बराच लांब होता, म्हणून बाकीच्यांसाठी आधी थोडक्यात सांगते. विचारणारे कोपरखैरण्याचे आहेत, कमर्शियल आर्टच्या शेवटच्या वर्षाला. प्रोजेक्टसाठी आठ पोस्टरं करायची आहेत. सगळ्यांच्या ओळखीचे सुपरहिरो, पण आपल्याकडच्या अल्पसंख्याक समाजांतले: मुंब्र्याचा मुस्लिम स्पायडरमॅन, येऊरच्या पाड्यावरचा आदिवासी हॉकआय (तो धनुर्धारी), घणसोलीचा आगरी बॅटमॅन, असे. सुपरमॅन कोणाला करायचा ते ठरत नाहीये. मित्र म्हणतो, हा नुसता गिमिक आहे. घरचे म्हणतात, कुणाच्या तरी भावना दुखावतील, नसत्या भानगडीत पडू नकोस. तर हे खोटं वाटू नये म्हणून काय करू, प्रिंट विकता येतील का, आणि सावळी त्वचा डिजिटलमध्ये मळकट दिसते त्याचं काय करू, असे तीन प्रश्न आहेत.

मी ठाण्यात राहते. गेली २२ वर्षं कॉमिक्सची पानं काढते. सुरुवातीला दुसऱ्यांच्या स्क्रिप्टवर पेन्सिलिंग, आता बऱ्याचदा स्वतःच्या. पोटासाठी जाहिरातींचे स्टोरीबोर्ड करते आणि शनिवार-रविवार वाशीला शिकवते. तुमच्या यादीतला तो धनुष्यवाला मी स्वतः एकदा काढून तोंडावर आपटलेली आहे, ते पुढे सांगतेच.

तुमचा मित्र आणि तुमच्या घरचे, दोघंही पोस्टरकडे बघतायत. म्हणून एकाला रंगरंगोटी दिसते आणि दुसऱ्यांना भांडण. खरा प्रश्न पोस्टरच्या मागे आहे. सुपरहिरोची मूळ गोष्ट एका विशिष्ट माणसाला धरून लिहिलेली असते. तो माणूस कोण, हे बदललं की गोष्टीतला एखादा खिळा निखळतो. आधी सहज चालणारी एखादी बाब चालेनाशी होते. कोणता खिळा निखळला ते शोधा. तुमची गोष्ट तिथून सुरू होते. काहीच निखळलं नाही, तर तुमचा मित्र बरोबर आहे.

त्याआधी शब्दाचं बघू. तुम्ही 'अल्पसंख्याक' म्हणताय, पण यादी तुम्ही अमेरिकेतल्या 'एथ्निक मायनॉरिटी'च्या हिशेबानं केलीय. आपल्याकडे कायद्यातले अल्पसंख्याक धर्मावरून ठरतात: मुस्लिम, ख्रिस्ती, बौद्ध, शीख, पारशी, २०१४ पासून जैन, आणि महाराष्ट्रात २०१६ पासून ज्यू. आदिवासी त्या यादीत नाहीत, ते अनुसूचित जमातींत. आगरी तर भूमिपुत्र. पण घणसोलीच्या गावठाणात उभं राहून बघितलं, तर चारी बाजूंनी सेक्टर आहेत आणि मूळ गावकरी आपल्याच गावात मोजके उरलेत. म्हणजे कागदावर अल्पसंख्याक नसलेला माणूसही त्या गल्लीत अल्पसंख्य असू शकतो. उलट, न्यूयॉर्कमध्ये अल्पसंख्याक असलेला हिंदू मराठी मुलगा नौपाड्यात आणला की तो बहुसंख्यच होतो. माणूस कुठे उभा आहे त्यावर हे सगळं अवलंबून असतं. तेव्हा प्रत्येक पोस्टरच्या मागे आधी एक पत्ता लिहा. गल्लीसकट.

पवित्र प्रभाकरचं उदाहरण म्हणूनच मला नेहमी अर्धवट वाटतं. २००४ साली शरद देवराजन, सुरेश सीतारामन आणि जीवन कांग यांनी मार्व्हलबरोबर भारतीय स्पायडरमॅन काढला. चारच अंक. गावाकडून शिष्यवृत्तीवर मुंबईत आलेला मुलगा, काका भीम, काकू माया, मेरी जेनची मीरा जैन, धोतरासारखा पोशाख. जीवन कांगची पानं देखणी आहेत, मी त्यांतून पुष्कळ शिकले. पण त्याला शक्ती देतो कोण? एक योगी. मूळ स्पायडरमॅनला, पीटर पार्करला, किरणोत्सर्गी कोळी चावतो आणि आपल्या पोराला मात्र साधूबाबा लागतो. अहो, खाडीपलीकडे ट्रॉम्बे आहे! अप्सरा अणुभट्टी तिथे १९५६ साली सुरू झाली, आशियातली पहिली. किरणोत्सर्गी कोळी कमी पडले होते का? गंमत सोडा, पण हे स्थानिकीकरण झालं. नावं, कपडे आणि जादू इथली केली. मुंबईत पवित्र हा कुणीही मुलगा आहे, त्याच्याकडे वळून बघायचं कुणाला कारण नाही. २०२३ च्या सिनेमात तो परत आला तेव्हा जास्त मोकळा आणि खट्याळ झाला होता, तेही लक्षात घ्या. दुसऱ्यांदा काढताना माणसं शिकलेली असतात.

स्थानिकीकरण काही वाईट नाही. आपण ते फार आधीपासून करत आलोय. इंद्रजाल कॉमिक्स १९६४ ला सुरू झालं, त्यात फँटमचा वेताळ झाला आणि त्याच्या देशाचं नाव डेंकाली झालं. वेताळ म्हणजे कोकणात वेशीची राखण करणारा. मूळचा गोरा माणूस एका मराठी नावानं आमच्या आजोळच्या माडीवर इतका आपला होऊन गेला, की तो गोरा आहे हे मला कळायला दहावी उजाडली. पण तुम्हाला करायचंय ते वेगळं, म्हणून हा फरक आधी स्वच्छ करून घेतला.

आता खिळा निखळतो म्हणजे काय होतं ते बघू. माइल्स मोरालेस घ्या. २०११ साली मार्व्हलच्या 'अल्टिमेट' नावाच्या समांतर विश्वात पीटर पार्कर मरतो आणि ब्रायन मायकल बेंडिस व सारा पिकेली नवा स्पायडरमॅन म्हणून ब्रुकलिनचा एक मुलगा आणतात. वडील कृष्णवर्णीय, आई पोर्तो रिकोची. तिकडे आरडाओरडा पुष्कळ झाला, पण पानं उघडून बघा. सुरुवातीलाच शाळाप्रवेशाची सोडत आहे. चांगली शाळा, मोजक्या जागा, आणि शेवटचा नंबर माइल्सचा निघतो. आई आनंदानं रडते. पोरगा मात्र ज्यांचा नंबर लागला नाही त्यांच्याकडे बघत राहतो. पीटरच्या गोष्टीत हे पान येऊच शकत नाही. तो हुशार होता, विज्ञानाच्या प्रयोगाला गेला, कोळी चावला, संपलं. त्याला प्रयोगशाळेच्या दारापर्यंत कोण जाऊ देईल, हा प्रश्नच कधी पडला नव्हता. माइल्सला पडतो. सिडकोच्या सोडतीत तीनदा नाव न लागलेल्या किंवा पोराच्या आरटीई प्रवेशासाठी मोबाइलवर यादी बघत बसलेल्या माणसाला ते पान समजावून सांगावं लागत नाही.

दुसरंही बघा. पीटर शक्ती मिळाल्यावर एका चोराला जाऊ देतो आणि त्याचा काका जातो. माइल्स शक्ती मिळाल्यावर घाबरून गप्प बसतो आणि पीटरच जातो. अपराधीपणा तोच, पण आता तो मूळ हिरोच्याच मरणाचा आहे. त्यामुळे ते नाव घेण्याचा हक्क त्याला कुठून आला, असं कुणी विचारलं तर उत्तर गोष्टीतच आहे. लेखकाला मुलाखतीत द्यावं लागत नाही.

कमला खानमध्ये निखळलेला खिळा आणखी मजेशीर आहे. २०१४ ची मिस मार्व्हल: लेखन जी. विलो विल्सन, चित्रं एड्रियन अल्फोना, संपादक सना अमानत, ज्या स्वतः न्यू जर्सीत पाकिस्तानी कुटुंबात वाढलेल्या. कमला जर्सी सिटीची, पाकिस्तानी मुस्लिम घरातली. पहिल्यांदा शक्ती येते तेव्हा तिचं शरीर आपोआप आधीच्या मिस मार्व्हलसारखं, कॅरल डॅनव्हर्ससारखं होतं, गोरी, सोनेरी केसांची, जुन्या तोकड्या पोशाखातली. तिला वाटत असतं, आपण असे झालो की सगळं जमेल. आणि मग केस तोंडात जातात, बूट चावतात, कपडे नको तिथे रुततात. पुढे ती आपला पोशाख पोहायच्या अंगभर बुर्किनीतून बनवते. दहशतवाद नाही, भाषण नाही, एक मुलगी दुसरीच्या कपड्यांत अवघडलीय, बास. पुस्तकाला २०१५ चं ह्यूगो पारितोषिक मिळालं. आणि नवी मुंबईकर म्हणून तुम्हाला एक गोष्ट फुकट मिळालीय, ती वापरा. जर्सी सिटी म्हणजे मॅनहॅटनच्या समोरचा किनारा. पाणी ओलांडलं की खरे सुपरहिरो राहतात ते शहर, अलीकडे आपण. वाशीच्या पुलावरून रोज जाणाऱ्याला हे निराळं सांगायला नको.

तिकडच्या आणखी दोन गोष्टी जरूर वाचा. पहिली आयकॉन, १९९३, ड्वेन मॅकडफी आणि एम. डी. ब्राइट यांची. परग्रहावरून बाळ पडतं, अगदी सुपरमॅनसारखं, पण १८३९ साली, अमेरिकेच्या दक्षिणेत, आणि ते सापडतं गुलामगिरीत राबणाऱ्या एका बाईला. एकच गोष्ट बदललीय, बाळ उचललं कोणी. पुढची दीडशे वर्षं त्यातून आपोआप लिहून निघतात. दुसरी २००३ ची ट्रुथ, रॉबर्ट मोरालेस आणि काइल बेकर यांची. कॅप्टन अमेरिकाचं औषध आधी कृष्णवर्णीय सैनिकांवर न सांगता तपासलं गेलं, त्यातला वाचलेला आयझाया ब्रॅडली तो पोशाख घालून लढायला जातो आणि परतल्यावर त्याला तुरुंगात टाकतात. टस्कीगी इथे १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षं कृष्णवर्णीयांवर सिफिलिसचा खराखुरा प्रयोग चालला होता, त्याची सावली या कथेवर आहे. स्टीव्ह रॉजर्ससाठी, म्हणजे मूळ कॅप्टन अमेरिकासाठी, जे औषध वरदान, तेच दुसऱ्याच्या अंगात गुन्हा ठरतं.

नुसता रंग बदलून काम भागल्याचंही एक उदाहरण आहे, नाहीतर मी एकतर्फी बोलतेय असं वाटेल. २००२ च्या मार्व्हलच्या 'अल्टिमेट्स' मालिकेत निक फ्युरी, हेरखात्याचा मूळचा गोरा साहेब, सॅम्युअल जॅक्सन या कृष्णवर्णीय नटासारखा काढला. गोष्टीत कुठे काही तुटलं नाही, माणूस शोभला, पुढे २००८ पासून सिनेमात तोच नट आला. दुय्यम पात्राला, हुकूम सोडणाऱ्या साहेबाला, हे चालून जातं. नायकाला सहसा नाही.

आता माझी फजिती. बरीच वर्षं झाली. एका प्रकाशकानं, नाव सांगत नाही, 'भारतीय टीम' मागितली होती. त्यात मी येऊरच्या पाड्यावरचा धनुर्धारी केला. उघडं अंग, कमरेला कापड, डोक्यात पीस, पायात काही नाही, मागे वारली चित्रातली माणसं फेर धरून नाचतायत. मला फार आवडला होता. पेन्सिली घेऊन उत्साहानं येऊरला गेले. ओळखीच्या एका कुटुंबातला मुलगा होता, चौदा-पंधरा वर्षांचा, खाली ठाण्यात शाळेत जाणारा. त्यानं पान उलटंसुलटं करून बघितलं आणि विचारलं, "ताई, याच्या चपला कुठेयत?" मी म्हटलं, जंगलात धावतो ना. तो म्हणाला, "म्हणून तर लागतात. काटे आहेत." मग जरा वेळानं, "आणि हा नाचणाऱ्यांकडे पाठ करून का उभाय? लग्न असेल तर तो पण नाचेल ना."

त्या दोन वाक्यांत माझी सहा पानं गेली. मी त्याला बघायला आलेल्या पर्यटकाच्या नजरेतून काढला होता. त्याची नजर कुठे लागलीय याचा मी विचारच केला नव्हता. आणि निखळलेला खिळा तर समोर पडलेला होता. येऊर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग. जंगलात माणसानं धनुष्य घेऊन फिरणं, लाकूड तोडणं, या साऱ्याला नियम आहेत, नाक्यावर वनखात्याचं फाटक आहे. अमेरिकन हॉकआय कुठेही बाण मारतो. आमचा मुलगा स्वतःच्या आजोबांच्या डोंगरावर बाण घेऊन निघाला तर पहिला प्रश्न येईल, "पिशवीत काय आहे?" गोष्ट तिथे होती, आणि मी पीस रंगवत बसले होते. छापून आलं ते तसंच, मुदत संपली होती. आजही कुणी तो अंक दाखवला की मी विषय बदलते.

आगरी बॅटमॅनबद्दल थोडं सांभाळून बोलते. कल्पना चांगली आहे, कारण बॅटमॅन हा वारशाचा हिरो आहे. वाड्याखाली गुहा, बापाची कंपनी, पिढ्यान्‌पिढ्यांची जमीन. नवी मुंबईत जमीन म्हटलं की सिडको आली. सिडकोची स्थापना १९७० ची. गावंच्या गावं संपादनात आली, मिठागरं गेली, भातशेती गेली. ब्रूस वेनच्या, म्हणजे बॅटमॅनच्या, जमिनीवर त्याचं गॉथम शहर उभं राहिलं असतं आणि त्याच्या हातात गेलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळायच्या साडेबारा टक्के भूखंडाची फाईल असती, तर? हा खिळा जबरदस्त आहे. पण सोन्याची चेन, फॉर्च्युनर आणि हळदीतला डीजे काढलात तर रील झाली, पोस्टर नाही. आणि जानेवारी १९८४ चं जासईचं आंदोलन, दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालचं, गोळीबारात पाच शेतकरी गेले ते, त्याला उचलून 'आईबाप गल्लीत मारले गेले' याच्या जागी चिकटवू नका. त्या माणसांची नावं आहेत, घरं आहेत, दरवर्षी तिथे लोक जमतात. तुमच्या हिरोला सूड मिळावा म्हणून ते मेले नव्हते. घरात फोटो असू दे भिंतीवर, कुणी त्याबद्दल बोलू नये, तेवढं पुरतं. बोली वापरलीत तर गावातल्या कुणाकडून वाचून घ्या. 'ळ'चा 'ल' केला की आगरी झाली, असं नसतं.

सुपरमॅन तुमचा अडलाय, तर माझ्याकडे एक आहे. माझ्या वहीत गेली काही वर्षं पडून आहे, तुम्ही स्वतःचा वेगळा करा, पण मी कशी विचार करते ते त्यातून कळेल.

सुपरमॅन १९३८ साली जेरी सीगल आणि जो शूस्टर या दोन पोरांनी आणला. दोघंही ज्यू स्थलांतरितांची मुलं. बुडालेल्या जगातून आलेलं बाळ, परक्या नावानं वाढणारं. आता ठाण्याला या. टेंभी नाक्याजवळ १८७९ सालचं सिनेगॉग आहे, शार हशामाईम, म्हणजे स्वर्गाचं दार. आपले बेने इस्रायली. त्यांची परंपरा सांगते की फार पूर्वी अलिबागजवळ नौगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या. कोकणात तेल गाळायचा धंदा केला, शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. आडनावं गावांवरून, आपल्यासारखीच 'कर' लावून. घरात मराठी. म्हणजे फुटलेल्या जहाजातून आलेल्यांच्या घरी फुटलेल्या यानातून आलेलं बाळ. मला हे सुचलं तेव्हा मी तलावपाळीवर एकटीच हसत बसले होते.

मग मी पहिली बावळट गोष्ट लिहिली: शनिवारी काम करायचं नाही, म्हणून सुपरमॅनला शनिवारी उडता येत नाही, आणि खलनायक शनिवारीच हल्ला करतो. ओळखीच्या एका काकूंना वाचून दाखवली. बेने इस्रायली, रेल्वेतून निवृत्त. त्यांनी पुढ्यात मलिद्याची बशी ठेवली होती, गोड पोहे, वर खोबरं, बाजूला फळं, घरात काहीतरी चांगलं झालं होतं त्याचा. त्या म्हणाल्या, "अगं, जीव वाचवायचा असेल तर शब्बाथ मोडायलाच हवा. नुसता चालतो नाही, मोडायलाच हवा. तुझी गोष्ट पहिल्या पानावर संपली." हा नियम ज्यू धर्मशास्त्रात खूप जुना आहे. एका बशी मलिद्यात माझं कथानक गेलं.

पण त्याच दुपारी खरे खिळे सापडले, एक सोडून दोन. पहिला: मुलगा आठ दिवसांचा झाला की सुंता. या बाळाच्या कातडीवर सुरी चालत नाही. मूल घरचं आहे, सगळ्यांचं लाडकं आहे, पण त्याला समाजात घेण्याची खूण त्याच्या अंगावर उमटतच नाही. अमेरिकेत जी अभेद्य कातडी वरदान, ती टेंभी नाक्यावर पेच होऊन बसते. दुसरा: सार्वजनिक प्रार्थनेला दहा प्रौढ पुरुष लागतात, मिन्यान म्हणतात त्याला. १९४८ नंतर बहुतेक कुटुंबं इस्रायलला गेली. उरलेल्यांना एखाद्या सकाळी नऊच माणसं जमतात. आता चित्र बघा. बाकावर नऊ म्हातारे बसलेत, घड्याळाकडे बघतायत. दहावा कुठेतरी पॅसिफिकवर विमान हातात धरून उभा आहे. तो येतो, घामाघूम, टोपी सारखी करत, आणि दारातच दोन म्हाताऱ्यांचं दबक्या आवाजात भांडण चाललेलं असतं, की याला दहावा धरायचा की नाही.

हे मी लिहिलं तेव्हा केपची गरजच उरली नाही. काकू वाचून बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "म्हातारे दबक्या आवाजात भांडत नाहीत आमचे." ती दुरुस्ती केली.

यातून तुमच्या मुंब्र्याच्या पोराकडे. त्याचा पूर्ण चेहरा मास्कमध्ये आहे, हे आधी नीट बघा. स्पायडरमॅनच्या अंगाचा इंचभरही दिसत नाही. म्हणजे मास्क घातला की तो कुणीही असतो, शहर त्याला टाळ्या वाजवतं. काढला की घर भाड्यानं बघताना त्याचं नाव विचारलं जातं. तुमच्या पोस्टरला पोशाखाच्या नक्षीत चंद्रकोर लागत नाही. मास्क अर्धा वर ओढून फलाटावर वडापाव खाणारा, किंवा इमारतीच्या भिंतीवर चढलेला आणि सातव्या मजल्यावरच्या बाईनं 'कोणाकडे जायचंय?' विचारल्यावर थबकलेला मुलगा मला जास्त सांगतो. आणि त्याला हसू द्या. प्रत्येक पॅनेलमध्ये नमाज, अत्तर, बिर्याणी आणि पोलिसांची जीप असेल तर तो मुलगा नाही, निबंध आहे. कमलाच्या गोष्टीत मशिदीतले शेख आता रागावणार असं वाटतं आणि ते उलट तिची पाठराखण करतात. असे एक-दोन अपेक्षाभंग ठेवा.

हे सगळं पोस्टरवर कसं दाखवायचं, असं तुम्ही म्हणाल. अवघड आहे, खरंय. पोस्टर म्हणजे उभा राहिलेला माणूस, आणि उभा राहिलेला माणूस लगेच प्रतिनिधी होतो, समाजाच्या बॅनरवरचा. कॉलेजची अट नसेल तर आठ पोस्टरांऐवजी दोन पात्रं घ्या आणि प्रत्येकी चार पानं करा. अट असेल तर पोस्टरमध्ये त्याला काहीतरी करताना पकडा, आणि दुसरं एक तरी माणूस त्याच्याकडे बघत असू दे. बघणाऱ्याच्या चेहऱ्यावर अर्धी गोष्ट येते.

भावना दुखावण्याचं म्हणाल, तर ते तुम्ही कोण आहात, कुठे लावताय, वेळ कोणती आहे, यावर आहे, आणि मी इथून हमी देऊ शकत नाही. निवडणुकीच्या महिन्यात मी स्वतः काही गोष्टी पोस्ट करत नाही. देवदेवता, प्रेषित, ग्रंथ, समाजाचे महापुरुष यांच्या प्रतिमा सुपरहिरोत मिसळू नका, हे मात्र सरळ सांगते. बाकी एकच सवय लावून घ्या. छापायच्या आधी त्या गल्लीतल्या दोन माणसांना दाखवा, आणि दोघं एका वयाची नकोत. 'छान आहे' म्हणणाऱ्याकडून काही मिळत नाही. चपला विचारणारा शोधा. त्याचं नाव आभारात घाला, आणि कामाचे पैसे मिळाले तर त्यालाही द्या.

विक्रीचं थोडक्यात. पात्रं मार्व्हल आणि डीसीची आहेत, नाव, चिन्ह, पोशाख सगळं. कॉलेजच्या प्रोजेक्टला, पोर्टफोलिओला कुणी हात लावत नाही. प्रिंट विकणं ही वेगळी गोष्ट. स्टॉलवर सर्रास विकतात हे खरं, पण ते मालकाच्या डोळेझाकीवर चालतं, हक्कानं नाही. आपल्या १९५७ च्या कायद्यात खासगी वापर, अभ्यास, टीका-परीक्षण यांना सवलत आहे, स्टॉलवरच्या विक्रीला ती धरता येईल असं समजू नका. कल्पनेवर मात्र कुणाचा मालकी हक्क नसतो. आयकॉन हे सुपरमॅनला दिलेलं उत्तर आहे हे सगळ्यांना कळतं, तरी तो सुपरमॅन नाही, आणि हक्क निर्मात्यांच्या माइलस्टोन या कंपनीकडे राहिले. विकायचंच असेल तर चिन्ह उतरवा, नाव बदला. खिळा बरोबर सापडला असेल तर त्यावाचून काही अडत नाही. माझ्या दहाव्या माणसाच्या छातीवर आता कुठलंच अक्षर नाही.

राहिला रंग. मळकट दिसतं कारण तुम्ही सावलीला राखाडी किंवा काळा घेताय, बहुतेक खालचा रंग गडद करणाऱ्या मल्टिप्लाय लेयरवर. गोऱ्या त्वचेची ट्यूटोरियलं बघून ही सवय लागते. सावळ्या त्वचेची सावली राखेकडे जात नाही, तांबूस-जांभळ्याकडे जाते, तेव्हा गडद करताना सॅच्युरेशन, म्हणजे रंगाचा भडकपणा, उतरवू नका, उलट किंचित चढवा. आणि उजेडाच्या बाजूला नुसता पांढरा न टाकता त्या जागेचा रंग टाका. खाडीवर आभाळाचा निळसर, फलाटावर ट्यूबलाइटचा हिरवट, सणाला पिवळ्या बल्बचा. छापणार असाल तर एक प्रूफ काढून बघाच, स्क्रीनवरचा तपकिरी कागदावर सहज चिखल होतो. राखाडीचा त्रास तसा जुनाच आहे. १९६२ च्या पहिल्या अंकात हल्क राखाडी होता, छपाईत तो प्रत्येक पानावर वेगळाच यायला लागला, म्हणून दुसऱ्या अंकापासून हिरवा केला.

रेफरन्ससाठी नेटवरचे फोटो नकोत, त्यांना फिल्टर लागलेले असतात. वर्गात मी पहिल्या दिवशी प्रत्येकाला डावा हात खिडकीशी धरून उजव्यानं तो रंगवायला लावते. सकाळी एकदा, आणि संध्याकाळी दिवे लागल्यावर पुन्हा एकदा.